गोळी स्वस्त झाली, मग मिळत का नाही?



जुलै २०२२ मध्ये नवी दिल्लीत, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कचेरीत एचआयव्हीबाधितांनी धरणे धरले. ते महिन्याहून अधिक काळ चालले. महिन्याच्या ऐवजी काही दिवसांच्याच गोळ्या हाती पडतात, ही त्यांची तक्रार. देशात साठा पुरेसा आहे, हे सरकारचे उत्तर. साठा पुरेसा असता तर आजारी माणसे तिथे कशाला बसून राहिली असती?

गोळी महाग होती, ही सबब येथे चालणार नाही. २००० साली बहुराष्ट्रीय मक्तेदार कंपन्या एका रुग्णाच्या वर्षभराच्या उपचारासाठी सुमारे दहा हजार डॉलर्स उकळीत होत्या. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा तो उपचार गरीब देशांसाठी साडेतीनशे डॉलर्समध्ये देऊ केला. सिप्ला काही धर्मादाय संस्था नव्हे. हे शक्य झाले ते १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. त्या कायद्याने औषधावर मक्ता नाकारला, फक्त ते बनविण्याच्या पद्धतीला पेटंट दिले. जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी २००५ मध्ये तो बदलण्यात आला, तेव्हा किरकोळ फेरफारावर नवे पेटंट मिळू नये अशी तरतूद डाव्या पक्षांच्या रेट्याने अधिक कडक झाली.

१ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत हा उपचार मोफत आहे. परंतु खरेदीची निविदा रखडली की मोफतपणा कागदावर उरतो. मात्रा चुकल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो, आणि मग दुसऱ्या फळीची महाग औषधे लागतात. प्रत्येक उपचार केंद्रावर तीन महिन्यांचा साठा असलाच पाहिजे, ही मागणी दिल्लीच्या कामगार संघटनांनीही उचलून धरली पाहिजे.