कचरा उचलला जातो, पण कोण उचलतं?

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त भरलेल्या शिक्षक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘शून्य कचरा शाळा : संकल्पना आणि अंमलबजावणी’ असा विषय छापलाय. विषय मला मान्य आहे. कचरा कमी झाला पाहिजे, ओला-सुका वेगळा झाला पाहिजे, मुलांना हे शाळेतच शिकवलं पाहिजे. त्यावर मी बोलणार आहेच. पण मी पुण्यातल्या पालिकेच्या शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवते, त्यामुळे मला आधी व्याकरण दिसतं.

कचऱ्यावरचा कुठलाही धडा, कुठलंही परिपत्रक, भिंतीवरचं कुठलंही घोषवाक्य काढून बघा. कचरा ‘उचलला जातो’, ‘वाहून नेला जातो’, त्यावर ‘प्रक्रिया केली जाते’. सगळा कर्मणी प्रयोग. कर्ता गायब. डबा हिरवा आहे, डबा निळा आहे, बाणांचं चक्र आहे, पण माणूस नाही. मी मुलांना हीच वाक्यं कर्तरी प्रयोगात लिहायला देते. ‘कचरा उचलला जातो’ याचा कर्ता शोधा. पहिल्या फेरीत मुलं ‘पालिका’ लिहितात, ‘घंटागाडी’ लिहितात. मी म्हणते, गाडीला हात आहेत का? मग वर्ग शांत होतो. कारण माझ्या वर्गातल्या चार-पाच मुलांना ते हात घरचेच आहेत हे माहीत असतं.

दोन वर्षांपूर्वी असाच तास चालला होता. कचरा पुढे कुठे जातो, हा प्रश्न होता. एक मुलगी उठली आणि जे सांगायला लागली ते आपल्यापैकी कुणाला सांगता येणार नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकण आणि बाटली ही वेगवेगळी प्लास्टिकं, म्हणून वेगळी काढायची. दुधाची पिशवी धुतलेली असली तर भाव, आंबलेली असली तर कमी. पुठ्ठा भिजला की दुकानदार वजनात कापून घेतो. वेफर्सचं चकचकीत पाकीट कुणीच घेत नाही. एवढं बोलून झालं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “तुझी आई कचरेवाली आहे का?” मुलगी बसली. वर्षअखेरीपर्यंत ती त्या विषयावर पुन्हा बोलली नाही.

आता बघा, तिच्याकडे ज्ञान होतं. पाठ्यपुस्तकात नसलेलं, अचूक, रोजच्या व्यवहारातून आलेलं. आंतरराष्ट्रीय शाळेतल्या एखाद्या मुलाने हेच ‘प्रोजेक्ट’ म्हणून तक्त्यावर मांडलं असतं तर त्याला बक्षीस मिळालं असतं. ज्ञान तेच, पण ते कुणाच्या घरातून आलं यावर त्याचा मान ठरतो. याला जात म्हणतात. आणि ‘मुलांना एवढ्या लहान वयात जात कशाला शिकवायची’ असं जे सहकारी मला विचारतात, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की मागच्या बाकावरच्या त्या मुलाला ती कुणी शाळेत शिकवली नव्हती. तो ती घेऊनच आला होता.

म्हणून पुढच्या वर्षी मी कुठल्याही मुलाला उभं केलं नाही. आमच्या भागात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या एका ताईंना पाहुण्या व्याख्यात्या म्हणून बोलावलं. मुख्याध्यापकांकडे दोन गोष्टी मागितल्या. त्यांना शिक्षकाच्या खुर्चीवर बसवायचं, आणि योगदिनाच्या व्याख्यात्याला जेवढं मानधन दिलं तेवढं द्यायचं. दुसऱ्या मागणीवर थोडी कुरकुर झाली. मिळालं पण.

त्यांनी भाषण केलं नाही. शाळेचा एका दिवसाचा सुका कचरा पोत्यावर ओतायला सांगितला आणि मुलांसमोर वेगळा केला. हात इतके भरभर चालत होते की पहिल्या फेरीत मुलांना काही कळलंच नाही, दुसऱ्यांदा सावकाश करून दाखवावं लागलं. एकीकडे विकलं जाणारं, एकीकडे न विकलं जाणारं. न विकल्या जाणाऱ्या ढिगात जवळजवळ सगळी पाच-दहा रुपयांची खाऊची पाकिटं. आतून चांदीसारखा थर, बाहेरून छपाईचा थर, सगळे एकमेकांना चिकटलेले. वेगळे करता येत नाहीत, म्हणून भाव नाही. मग एक दुधाची पिशवी उचलून विचारलं, हिचा कोपरा कुठाय? आपण कोपरा कापून टाकतो, तो चिमूटभर तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, गटारात जातो. पिशवीला चीर द्यायची, कोपरा पिशवीलाच लटकता ठेवायचा. मुलांनी त्या आठवड्यात घरोघरी आयांना हे शिकवलं. डाळ-भात लागलेला कागद त्यांनी वर धरला आणि म्हणाल्या, हा आता कागद नाही राहिला. ओला-सुका वेगळा का करायचा, याचं याहून चांगलं स्पष्टीकरण मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालेलं नाही. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका का काढायचा, हेही त्यांनी मुलग्यांसमोरच सांगितलं. उघडं पॅड हाताने वेगळं करणाऱ्या बाईची गोष्ट ऐकताना मुलगे हसले नाहीत.

जे पाकीट ताईंच्या हातून विकलं जात नाही, ते आणायचंच कमी करायचं, असं मग मुलांनीच ठरवलं. आधी कमी वापरा, मग पुन्हा वापरा, शेवटी पुनर्वापरासाठी द्या, हा क्रम आपण पाठ करून घेतो. प्रत्यक्षात मात्र शाळा थेट ‘टाकाऊतून टिकाऊ’वर उडी मारते. स्पर्धेसाठी मुलं नवी बाटली विकत घेतात, तिला डिंक, चमकी, रंग लावतात. आठवड्याने ती वस्तू कचऱ्यात येते, आणि आता चमकीमुळे भंगारवालाही घेत नाही. म्हणजे टिकाऊतून टाकाऊ. ज्यांच्या घरात बाटली रिकामी होऊन पडून राहतच नाही, तेलाला, फिनेलला, शेवटी मोरीत वापरली जाते, त्या मुलांकडे स्पर्धेला आणायला ‘वेस्ट’ नसतं. जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून, दोऱ्याने शिवून नवी वही करणारी मुलं आपल्याच वर्गात असतात. त्यांना आपण काटकसर शिकवणार!

थोडा इतिहास. पुनर्वापर ही गोष्ट या शहरात फलकांबरोबर आलेली नाही. १९७२च्या दुष्काळाने मराठवाड्यातून पुण्यात आलेल्या कित्येक बाया उकिरड्यांवरून कागद, काच, पत्रा वेचून जगल्या. बहुतेक दलित, मुख्यतः महार आणि मातंग. १९९०च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून त्यांच्याशी संपर्क झाला आणि १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. डॉ. बाबा आढाव त्यामागे होते. नाव पुन्हा वाचा, त्यात ‘कचरा’ शब्द नाही. वस्तू आहेत आणि कष्ट आहेत. पुढे पालिकेने मान्यता दिलेली ओळखपत्रं आली, २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आणि पालिका यांच्यात करार झाला आणि उकिरड्यावरच्या बाया दारावर आल्या. केंद्राच्या २०१६च्या घनकचरा नियमांनीही कचरा वेचकांना यंत्रणेत सामावून घ्यायला सांगितलं. हे काही कुणी दयेने दिलेलं नाही. संघटना करून, मोर्चे काढून मिळवलेलं आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला हे शिकवायला काय हरकत आहे?

मुंबईतलं देवनार. तिथे १९२७ पासून कचरा टाकतात. त्याच वर्षी महाडला बाबासाहेब आपल्या माणसांना मेलेलं ढोर आणि उष्टं सोडा म्हणून सांगत होते. इकडे माणसं गावकीची घाण टाकून देत होती, तिकडे महानगर आपली घाण एका कोपऱ्यात नेऊन टाकायला लागलं होतं, आणि पुढे त्या कोपऱ्याभोवती ज्या वस्त्या वसल्या त्या कुणाच्या हे सांगायला नको. २०१६च्या जानेवारीत देवनारला आग लागली. ओला कचरा दाबून टाकला की आत कुजून मिथेन तयार होतो, तो पेट घेतो, हे विज्ञान. धूर इतका झाला की पालिकेला त्या भागातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कचरा ज्यांनी केला त्यांच्या मुलांची शाळा भरली, आणि ज्यांच्या दारात टाकला त्यांच्या मुलांची बंद. हा समाजशास्त्राचा भाग आपण सोडून देतो. दिल्लीत ओखल्याला कचरा जाळून वीज करण्याचा प्रकल्प आला तेव्हा कचरा वेचकांनी विरोध केला. कारण भट्टीला जळायला हवा असतो तो कागद आणि प्लास्टिकच, म्हणजे नेमका त्यांच्या पोटाचा माल.

आता सन्मानाबद्दल. आपल्याकडे २ ऑक्टोबरला सफाई कामगारांना नारळ-शाल देतात, ‘स्वच्छतादूत’ म्हणतात, सफाई ही ईश्वरसेवा असल्याचं सांगतात. गांधीजींनी भंगीकामाचा असाच गौरव केला आणि बाबासाहेबांनी त्यावर कठोर टीका केली. ज्या कामाला एका जातीला जन्माने बांधलंय, त्याची स्तुती करणं म्हणजे त्या जातीला तिथेच राहायला सांगणं. श्रमप्रतिष्ठेचे धडे आपण कुणाला देतो तेही बघा. ज्यांच्या हातात आधीच झाडू आहे त्यांनाच.

गाडगेबाबांचंही आपण हेच केलं. २० डिसेंबरला शाळेशाळेत मुलांच्या हातात खराटे देऊन फोटो निघतात. बाबांच्या हातात खराटा होता हे खरंच, पण दिवसभर गाव झाडून रात्री कीर्तनात ते पोरांना शिकवा म्हणून लोकांचे कान उपटत होते, कर्ज काढून देव करू नका म्हणत होते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. आपल्या फोटोत खराटा येतो, धर्मशाळा येत नाही.

शाळा आणि झाडू यांचं नातं आपल्या माणसांना नवीन नाही. ओमप्रकाश वाल्मीकींचं ‘जूठन’ १९९७ मध्ये हिंदीत आलं. त्यात उत्तर प्रदेशातल्या शाळेत मुख्याध्यापक एका मुलाला वर्गात बसू न देता दिवसच्या दिवस मैदान झाडायला लावतात, आणि शेवटी बाप येऊन झाडू हिसकावून घेतो. मी ज्या शाळेत शिकले तिथे इतकं उघड नव्हतं. तिथे शनिवारच्या सफाईत फळा पुसणं, फुलदाणीत फुलं ठेवणं ठरावीक मुलींकडे जायचं, मुतारीत पाणी ओतणं आमच्या वस्तीतल्या मुलींकडे. कुणी जात विचारायचं नाही. न विचारताच सगळं बरोबर वाटलं जायचं.

म्हणून माझ्या वर्गात पाळी हजेरी क्रमांकाने लागते, मुलगा-मुलगी दोन्ही, आणि माझाही दिवस असतो. वर्ग मुलांनी झाडावा, आपला कचरा आपण उचलावा, खतखड्डा करावा, वजन करावं, सगळं करावं. संडास मात्र कुठल्याही मुलाने साफ करायचा नाही. त्याला पगारी माणूस हवा, हातमोजे हवेत, पाणी हवं, आणि तो माणूस कायम नोकरीत हवा. ‘मुलांना सवय लागावी’ म्हणून जिथे हे काम मुलांकडून करून घेतात, तिथे सवय कुणाला लागते ते यादी काढून पाहावं.

अजून एक कागद आहे. सफाई काम करणाऱ्या, कातडी कमावणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या पालकांच्या मुलांना मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे. कुठल्याही जातिधर्माच्या मुलांना मिळते. ती घ्यायलाच हवी, आपला हक्क आहे. पण आपल्याकडे कित्येक वर्षं तिच्या नावातच ‘अस्वच्छ व्यवसाय’ हे शब्द होते, आणि वर्गात उभं राहून “अस्वच्छ व्यवसायवाले कोण कोण, हात वर करा” असं विचारणारे शिक्षक मी ऐकलेत. घाण करणारा स्वच्छ आणि घाण काढणारा अस्वच्छ, ही भाषा कुणाची? त्या हातांपैकी निम्मे वर येत नाहीत आणि मुलांचे पैसे बुडतात. पालकांना एकेकट्याने बोलवा, दाखला कुठून आणायचा ते सांगा, अर्ज स्वतः भरून घ्या. एवढ्याने आमच्या शाळेत अर्ज वाढले.

ताईंना मुलांनी शेवटी विचारलं होतं, तुमच्या मुलीने हे काम करावं असं वाटतं का? त्या लगेच नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, पण मी आहे तोवर मला बसून माल वेगळा करायला छप्पर पाहिजे, हातमोजे पाहिजेत, म्हातारपणी पेन्शन पाहिजे. दोन्ही गोष्टी एका दमात. आपल्यातल्या काही विचारवंतांना यातली एकच निवडावी लागते. त्यांना लागली नाही.

२६ जानेवारी जवळ आलाय. स्वच्छता मोहिमेचं परिपत्रक येईल, फोटो अपलोड करायला सांगतील. संघटनेपुढे मी एक ठराव लिहून आणलाय. तीन कलमं आहेत : संडाससफाईतून मुलांना पूर्ण वगळणं, शिष्यवृत्तीची माहिती वर्गात जाहीर न विचारणं आणि तिच्याबद्दल बोलताना ‘अस्वच्छ’ शब्द न वापरण्याची मागणी, आणि शाळेत येणाऱ्या कचरा वेचक व्याख्यात्यांना इतरांइतकंच मानधन. प्रती मागच्या टेबलावर ठेवल्यात, पाठकोऱ्या कागदावर काढल्यात. जेवणाआधी वाचा, खाडाखोड करा, दुपारच्या सत्रात मतदानाला घेऊ.

जय भीम, जय सावित्री.