दहाचा फ्यूज पुन्हा पुन्हा का उडतो?

आजचा विषय कोडचा नाही, पण डीबगिंगचाच आहे. आमच्या जुन्या हॅचबॅकचा टेल लॅम्पचा फ्यूज उडत होता. नवीन टाकला की दोन दिवस चालायचा, कधी दोन तास. बाबा रोज संध्याकाळी साताऱ्याहून वाईला परत येतात. हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, आणि आपल्या गाडीचे मागचे दिवे बंद. आत बसलेल्याला हे कळतही नाही, कारण हेडलाइट चालूच असतात. बाबांना कळलं ते डॅशबोर्डचे दिवेही त्याच फ्यूजवर होते म्हणून.

गॅरेजवाला म्हणाला, "दहाचा काढून वीसचा टाकू, उडणार नाही." खरंय, उडणार नाही. पण फ्यूज बल्बसाठी नसतोच, तो वायरीसाठी असतो. त्या बारीक वायरीला १० अँपिअरचं संरक्षण ठरवून दिलेलं असतं. वीसचा टाकला तर फ्यूजच्या आधी वायरच तापणार, तीही सीटखाली, कार्पेटच्या आत. मी बाबांना सांगितलं, दोन दिवस एसटीने जा, रविवारी मी बघतो.

आता, फ्यूज टाकून टाकून शोधायला गेलात तर पाकीट संपेल आणि हाती काही लागणार नाही. त्यापेक्षा उडालेल्या फ्यूजच्याच दोन पायांना वायरी सोल्डर करा, दुसऱ्या टोकाला ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब जोडा आणि तो फ्यूजच्या जागी खोचा. पूर्ण शॉर्ट असला तरी हा बल्ब दोन अँपिअरच्या आतच करंट जाऊ देतो. काही जळत नाही, आणि शॉर्ट असेपर्यंत बल्ब लख्ख पेटलेला राहतो.

मल्टीमीटरच्या बीपवर मात्र विसंबू नका. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स इतका कमी असतो की चांगला बल्बही शॉर्टसारखा वाजतो. म्हणून मी आधी त्या सर्किटवरचे सगळे बल्ब होल्डरमधून काढले: पुढचे पार्किंगचे, मागचे, नंबर प्लेटचे. स्विच चालू केला. डॅशबोर्डच्या छोट्या दिव्यांमुळे माझा बल्ब जेमतेम लालसर दिसत होता. म्हणजे त्या क्षणी शॉर्ट नव्हता.

अशा वेळी बग मुद्दाम घडवून आणावा लागतो. स्टिअरिंगखालची वायरिंग हलवली, काही नाही. सीटखालची दाबली, काही नाही. डिकी उघडली आणि बल्ब भक्कन पेटला! बंद केली, पुन्हा मंद. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच. बाबांची डब्याची पिशवी डिकीत असते, त्यामुळे फ्यूज नेमका का आणि कधी उडायचा हेही तिथेच उलगडलं.

मग नेहमीचंच, अर्धं अर्धं कापत जायचं. मागच्या पॅनेलआड डिकीच्या वायरिंगचा कनेक्टर आहे, तो सोडवला. आता डिकी कितीही आपटली तरी बल्ब ढिम्म. म्हणजे दोष कनेक्टरच्या पुढे, डिकीच्या बाजूला. तिथे बॉडी आणि डिकीच्या मधे वायरी एका रबरी नळीतून जातात. नळी सरकवली, तर नंबर प्लेटच्या दिव्याची वायर बिजागरीपाशी वाकून वाकून तडकलेली. उघडं तांबं पत्र्याला टेकत होतं. गाडीचा अख्खा पत्रा निगेटिव्ह, त्यामुळे टेकलं की शॉर्ट.

गॅरेजमध्ये अशा जागी नुसती टेप गुंडाळतात. ती उन्हात सुटते, आणि वायर तर रोज वाकतेच. मी कडक झालेला तुकडा कापून मऊ, बारीक तारांची नवी वायर घातली, आणि दोन्ही जोड वळणापासून लांब ठेवले, कारण सोल्डर केलेली वायर कडक होते आणि वाकवली की तुटते. वर हीट श्रिंक, मग नळी परत जागेवर. शेवटी लाल, दहाचाच फ्यूज.

त्याच नळीत मागच्या वायपरची वायरही होती. नखाने दाबून पाहिली, तर तिचंही इन्सुलेशन त्याच वळणावर फुटायला लागलेलं. तीही तेव्हाच बदलून टाकली.