जखमी शिपाई आणि शिपाईण



चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही वरील मथळा लिहून पाठवला. त्यावर चालकांपैकी एका गृहस्थांनी आम्हाला विचारले, "शिपाईण म्हणजे शिपायाची बायकोच ना?" प्रश्न रास्त होता. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, सुभेदारीण म्हणजे सुभेदाराची. मास्तरीण हा शब्दही एकेकाळी मास्तरांच्या कुटुंबालाच लावत. पुढे बाई स्वतः शाळेत शिकवू लागली आणि शब्दाने निमूटपणे आपला अर्थ बदलला. शिपाईण या शब्दाचे अजून तसे झालेले नाही. आमचा सातारा जिल्हा शिपायांचा. अपशिंग्याला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा या जिल्ह्यात वीरमाता हा शब्द आहे, वीरपत्नी हा शब्द आहे. जिला स्वतःला गोळी लागली, जिचा स्वतःचा पाय गेला, अशा स्त्रीला काय म्हणावे, हे मात्र आपण ठरवलेले नाही.

आता कोणी म्हणेल, शब्दाची एवढी चिंता कशाला? पण शब्द नसला म्हणजे रकाना नसतो, आणि रकाना नसला म्हणजे सोय नसते, हा सरकारी कचेरीतला अनुभव आपणा सर्वांना आहे.

ही नीरा आपल्या उशाशी वाहते आहे. तिच्याच काठी, सुभानमंगळाच्या गढीपाशी, १६४८ साली लढाई झाली, हे शिरवळकरांना आम्ही सांगावे असे नाही. लढाईच्या हकिकतीत कोण पडले आणि कोण जिंकले हे येते. जखमी होऊन जो घरी गेला त्याचे पुढे काय झाले, हे क्वचितच येते. सभासद मात्र एका ठिकाणी अपवाद करतो. अफझलखानाच्या प्रसंगानंतर महाराजांनी जखमींना, ज्याची जखम जशी त्या मानाने, होन वाटले आणि जे पडले त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालू केले, असे त्याने नमूद केले आहे. जखम पाहून द्यायचे, हे तत्त्व आजही तेच आहे. लष्कराचे वैद्यकीय मंडळ बसते, अपंगत्व शेकडा किती ते ठरवते, आणि त्यावर पेन्शन ठरते. परंतु होन संपल्यावर तो माणूस सकाळी उठून काय करतो, हा प्रश्न कोणत्याच मंडळाच्या कागदावर मावत नाही. आजचे आमचे बोलणे त्याविषयी आहे.

उदाहरण घेतो ते पुरुषाचे, कारण ते घरचे आहे. येथून हमरस्त्याने कऱ्हाडच्या पुढे गेले की पेठनाका लागतो. त्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९४४ चा जन्म. पोरवयातच लष्कराच्या बॉईज बटालियनमध्ये शिरले, पुढे ईएमई या यंत्रदुरुस्तीच्या दळात जवान झाले. मूळचा पिंड कुस्तीच्या मातीचा. लष्करात त्यांनी हातमोजे चढवले आणि १९६४ साली टोकियोला सैनिकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मुष्टियुद्ध खेळून आले. पुढल्याच वर्षी युद्ध झाले. सियालकोट आघाडीवर हल्ल्यात त्यांना गोळ्या लागल्या आणि त्याच धांदलीत एक गाडी अंगावरून गेली. एक गोळी मणक्यापाशी कायमची राहिली. दीर्घ काळ शुद्ध नव्हती. शुद्ध आली तेव्हा कमरेखालचे शरीर आपले राहिलेले नाही, असे कळले.

येथे क्षणभर थांबून मणका तुटणे म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. नाहीतर पुढील गोष्टीचे मोल कळत नाही. पाय हलत नाहीत, हा त्यातला सोपा भाग. कठीण भाग असा की खालच्या अंगाला काही कळतच नाही. आपण रात्रभर झोपेत कूस बदलतो, कारण एका जागी दाब पडला की शरीर कुरकुर करते. ज्याचा मणका गेला त्याचे शरीर कुरकुर करीत नाही. कातडी दबते, रक्त फिरत नाही, जखम पडते आणि ती हाडापर्यंत जाते. लघवीची जाणीव जाते, मूत्रमार्गात विष होते. पहिल्या महायुद्धात असे झालेले बहुतेक सैनिक या दोन कारणांनी थोड्याच काळात दगावले. डॉक्टरही त्यांना हात जोडून मोकळे होत.

हे चित्र पालटण्यात मोठा वाटा लुडविग गुटमन यांचा. हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून आलेला हा ज्यू डॉक्टर. इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ साली त्याच्याकडे मणका तुटलेल्या सैनिकांचा विभाग सोपवला. त्याचा पहिला उपाय ऐकून आपणास नवल वाटेल. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, रोग्याला कुशीवर वळवायचे. बस्स. रात्री आपले नेमलेले लोक हे करतात की नाही, हे पाहायला तो स्वतः वॉर्डात फिरे. माणसे जगू लागली. मग जगलेल्यांनी करायचे काय, तेव्हा त्याने त्यांच्या हाती धनुष्य दिले, चेंडू दिला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, त्याच्या रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्च्यांतल्या सोळा जणांनी तिरंदाजीचा सामना खेळला. आज ज्याला पॅरालिंपिक म्हणतात त्याचा उगम तो. आणि त्या सोळा सैनिकांत चौदा पुरुष होते आणि दोन स्त्रिया. पहिल्याच दिवशी, पहिल्याच रांगेत. हा आकडा आपण लक्षात ठेवावा, आम्हाला तो पुढे लागणार आहे.

पेटकरांना मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात पाण्यात उतरवले ते उपचार म्हणून. पाणी शरीराचे ओझे स्वतः घेते. खाली दोन निर्जीव पाय ओढत राहायचे आणि पुढचे सारे काम खांद्यांनी करायचे. खांदे मुष्टियोद्ध्याचे होते. नीरेला पूर आलेला असताना पैलतीर गाठणारे पोहणारे या गावात आहेत, त्यांनी एकदा पाय बांधून पोहून पाहावे म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल. (मुलांनी हे करू नये, हे वाक्य आम्ही मोठ्यांना उद्देशून बोलत आहोत.) १९६८ साली तेल अवीवला ते टेबल टेनिस खेळले. पुढल्या खेपेस जायचे तर पैसा नव्हता. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने तिकिटाचा भार उचलला. ऑगस्ट १९७२, जर्मनीतले हायडेलबर्ग. ५० मीटर मुक्तशैली, ३७.३३ सेकंद. सुवर्णपदक, आणि त्या वर्गातला जगातला उच्चांक.

ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक दोन्ही धरून भारतीयाने एकट्याच्या बळावर मिळवलेले हे पहिले सुवर्ण. १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझ मिळवून आलेल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची मिरवणूक आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. पेटकरांचे सुवर्ण मात्र देशाने जवळजवळ ऐकलेच नाही. महाराष्ट्र सरकारने शिवछत्रपती पुरस्कार दिला, त्याचे श्रेय दिले पाहिजे. टेल्कोत नोकरी मिळाली, पुण्यात संसार झाला. १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला तो नामंजूर झाला. पद्मश्री आली २०१८ साली. २०२४ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते अर्जुन पुरस्कार मिळाला, जीवनगौरव म्हणून. तेव्हा वय ऐंशी. चित्रपट निघाल्यावर जागे होणाऱ्यांत आमचीही गणना करावी. पेठनाक्यावरून आम्ही शेकडो वेळा गेलो असू आणि दर खेपेस चहाचीच चौकशी केली.

पण आम्हाला जो मुद्दा काढायचा आहे तो पदकाचा नव्हे. जखमी शिपायाच्या प्रत्येक गोष्टीत एक पात्र असते, ज्याचे नाव मथळ्यात येत नाही. त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवणारे कोण? रुग्णालयात परिचारिका. घरी आल्यावर आई, नाहीतर बायको. आपल्या देशात अपंग सैनिकासाठी संस्था झाल्या, चांगल्या झाल्या, आणि त्या आपल्यापासून फार दूर नाहीत. क्वीन मेरी यांच्या नावाची तंत्रशाळा १९१७ साली मुंबईत निघाली आणि नंतर खडकीला आली. हात किंवा पाय गेलेल्या जवानाला तेथे नवा हुन्नर शिकवतात. कृत्रिम अवयव केंद्र पुण्यात १९४४ पासून आहे. मणका तुटलेल्या सैनिकांचे केंद्र खडकीत १९७४ साली स्थापन झाले. तेथे चाकांच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात, आणि मानेखाली काही हलत नाही असे जवान दातांत कुंचला धरून चित्रे काढतात. एस.टी.त बसले तर ज्वारीची भाकर निवायच्या आत तेथे पोहोचता येते. तरी ही सगळी रचना मनात एक घर धरून चाललेली आहे, आणि त्या घरात एक बाई आहे. जखमी होणारा तो, आणि करणारी ती.

आता ती जखमी झाली तर?

हे काल्पनिक राहिलेले नाही. परिचारिका तर १८८८ पासून लष्करात आहेत. पहिल्या दहा जणी मुंबईच्याच बंदरात उतरल्या. १९९२ पासून इतर शाखांत स्त्री अधिकारी आल्या. मे २०२१ मध्ये लष्करी पोलीस दळात ८३ स्त्रिया जवान म्हणून दाखल झाल्या, म्हणजे शब्दशः शिपाईणी. आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून ३० मे २०२५ रोजी सतरा मुली मुलांबरोबर संचलन करीत बाहेर पडल्या. आपल्या साताऱ्याच्या स्वाती महाडिक यांचेच पाहा. पती कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात पडले. दोन मुलांची आई असलेल्या या बाई सप्टेंबर २०१७ मध्ये लष्करात अधिकारी झाल्या. वीरपत्नी या शब्दातून त्या स्वतःच्या पायांनी बाहेर चालत आल्या.

अमेरिकेत जे झाले ते सांगतो. टॅमी डकवर्थ ही हेलिकॉप्टर चालवणारी अधिकारी. १२ नोव्हेंबर २००४ रोजी इराकमध्ये तिच्या हेलिकॉप्टरवर अग्निबाण आदळला. दोन्ही पाय गेले, उजवा हात जेमतेम वाचला. नवराही सैन्यातलाच, त्याने तिची शुश्रूषा केली. २००६ साली ती निवडणुकीला उभी राहिली आणि पडली. २०१२ साली जिंकली, २०१६ साली सेनेटवर गेली, आणि २०१८ साली सेनेटर असताना बाळंत झाली. तान्हे मूल सभागृहात आणता यावे म्हणून सेनेटला आपला नियम बदलावा लागला. दर बारा नोव्हेंबरला ती आपल्याला वाचवणाऱ्या सोबत्यांबरोबर तो दिवस साजरा करते. जखमेची पुण्यतिथी नव्हे, जिवंत राहिल्याचा वाढदिवस. आम्हाला या गोष्टीत सेनेटपेक्षा तो शुश्रूषा करणारा नवरा अधिक महत्त्वाचा वाटतो. सेनेट आपल्याकडे नाही; नवरे आहेत.

आपल्याकडचे उदाहरण दीपा मलिक यांचे. त्या सैनिक नव्हेत, सैनिकाची कन्या आणि सैनिकाची पत्नी. १९९९ साली पती कारगिलच्या युद्धात असताना यांच्या मणक्यातल्या गाठीवर शस्त्रक्रिया झाली आणि छातीखालचे शरीर गेले. घरी दोन लहान मुली, त्यांतली थोरली स्वतः अपघाताने एका अंगाने अधू. अशा स्थितीत या बाईंनी आपल्या महाराष्ट्रातल्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, खाणावळ चालवली. तेथूनच त्या पोहण्याकडे आणि खेळांकडे वळल्या, तेव्हा वय पस्तिशीपार. २०१६ साली रिओला गोळाफेकीत ४.६१ मीटरचे रौप्यपदक. पॅरालिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. पदक सर्वांना दिसले. आम्हाला मात्र ती खाणावळ दिसत राहते. चाकांच्या खुर्चीतल्या बाईला "बिचारी" म्हणण्याऐवजी "दोन रोट्या आणखी" म्हणणारे गिऱ्हाईक तिला तेथे भेटले असेल. आणि आमचा असा समज आहे की रौप्यपदकाची सुरुवात त्या गिऱ्हाइकापासून झाली.

एक प्रश्न राहिला, तो ताजा आहे. प्रबोधिनीत शिकत असताना मुलगा किंवा मुलगी जखमी झाली आणि अपंग म्हणून घरी पाठवली, तर ती माजी सैनिक धरली जात नाही. तिने अजून कमिशन घेतलेले नसते. तिला ठरावीक रक्कम मिळते, पण माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या छात्रांची आपण होऊन दखल घेतली, आणि त्याच महिन्यात सरकारने त्यांना माजी सैनिकांच्या वैद्यकीय योजनेत घेतले. औषधपाण्याचे झाले, दर्जाचा आणि पेन्शनचा वाद राहिला. मुली प्रबोधिनीत गेल्या तशा त्या या यादीतही येणार. मुलगा अपंग होऊन घरी आला तर गाव म्हणते, वाघासारखा लढला. अठरा वर्षांची मुलगी तशी आली तर पहिला प्रश्न कोणता विचारतील, हे समोर बसलेल्या भगिनींना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. "आता हिचे लग्न कसे व्हायचे?" पेटकरांना हा प्रश्न कोणी त्या आवाजात विचारला नसावा.

गुटमनच्या हिरवळीवरील त्या दोघी आमच्या डोळ्यांपुढून जात नाहीत त्या यासाठी. तिरंदाजीच त्याने का निवडली असेल? खुर्चीत बसून खेळता येते, खांदे बळकट होतात, तोल सुधारतो, आणि लक्ष्यावर बाण लागला की तो कोणी मारला हे लक्ष्याला ठाऊक नसते.

आता चालकांसाठी एक निरोप आहे, तो सर्वांदेखत सांगतो. हा मंडप सपाट जमिनीवर आहे; येथे चाकांची खुर्ची कोठूनही येऊ शकते. परंतु वळीव आला तर उद्याचे व्याख्यान वरच्या मजल्यावरील दालनात होईल, असे फलकावर लिहिलेले आहे. आम्ही आज सकाळी त्या जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. एकवीस आहेत, आणि कठडा एकाच बाजूला आहे. चालकांशी बोललो, ताडपत्री मिळते का ते पाहतो, असे त्यांनी सांगितले आहे. कोणाकडे मोठी ताडपत्री असल्यास त्यांनी सभा संपल्यावर व्यासपीठापाशी येऊन भेटावे.