जवळची गाडी, घरची भाकरी

(एका निवृत्त ट्रक-ड्रायव्हरने जुन्नर तालुक्यातील प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



गुरुजी म्हणाले, "तुम्ही तीस वर्षे ट्रक चालवला, आमच्या वर्गाला चार शब्द सांगा." मी काही वक्ता नव्हे. पण या वर्गातले तिघे-चौघे ट्रकचे लायसन काढणार आहेत, असे कळले. त्यांच्यासाठी बोलतो. त्यांच्या घरच्या बायाही इथे बसल्या आहेत. त्यांनीही ऐकावे. ड्रायव्हरची नोकरी एकट्या ड्रायव्हरची नसते, साऱ्या घराची असते.

उमेदीची वर्षे मी लांबची गाडी चालवली. घर सोडले की पंधरा-पंधरा दिवस परत येणे नाही. एकदा तीन आठवड्यांनी आलो. धाकटी मुलगी मला पाहून आजीच्या पदराआड लपली. म्हणाली, "आजी, कोण पाहुणे आलेत?" त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नाही. मग ठरवले, चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण जवळचीच गाडी धरायची.

पण जवळची गाडी म्हणजे रोज घरी, असे नसते बरं का! हे मला नंतर कळले. आपल्याच भागातली कामे बघा.

पहिले काम उसाचे. कारखान्याचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडी संपतो. फड जवळ, कारखानाही जवळ. पण कारखान्याच्या तळावर गाड्यांची रांग लागते. नंबर येईपर्यंत ड्रायव्हर केबिनमध्येच झोपतो. घर दिसते, पण घरी जाता येत नाही. पैसे खेपेवर असतील, तर रांगेतली रात्र फुकट जाते. आणि पट्टा पडला, की काम संपले.

दुसरे काम भाजीपाल्याचे. संध्याकाळी माल भरायचा, माळशेज घाट उतरायचा आणि पहाटेच्या आत वाशीच्या बाजारात पोचायचे. दुपारपर्यंत घरी. पैसा बरा मिळतो. पण माणूस घरी असतो तो झोपलेला. पावसाळ्यात घाटात धुके असते, दरडही कोसळते. लागोपाठ तिसऱ्या रात्री एकदा माझा डोळा लागला. क्लीनर ओरडला म्हणून आज तुमच्यापुढे उभा आहे.

तिसरे काम दुधाचे. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक फेरी. दुपारची भाकरी घरी, रात्रीची झोप घरी. पण गाईम्हशींना दिवाळी नसते आणि लग्नकार्यही नसते. दूध रोज निघते, गाडी रोज निघते. बदली ड्रायव्हर नसेल, तर वर्षभर सुट्टी नाही.

चौथे काम चाकणच्या कारखान्यांचे. सुटे भाग एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात न्यायचे. पाळी ठरलेली. पण गेटवर खोळंबा होतो, रस्त्यावर गाड्या तुंबतात. आठ तासांच्या पाळीचे अकरा तास कधी होतात, ते कळत नाही.

मग कोणते काम धरावे? हिशेब करून पाहा. आता तुम्हांला आकडे येतात.

समजा, एक मालक महिना २१,००० रुपये देतो. पण रोज १४ तास घराबाहेर, आणि बाहेरच्या खाण्याला रोज १५० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले, तर खाण्यातच ३,९०० गेले. हातात राहिले १७,१००. दुसरा मालक १५,००० देतो. काम ८ तास, आणि भाकरी घरची. फरक २,१०० रुपयांचा. पण त्यासाठी महिन्याला १५६ तास जास्त घालवायचे. म्हणजे तासाला चौदा रुपयेही पडत नाहीत! तेवढ्यासाठी आपली झोप विकायची का, ते घरात बसून ठरवा.

डोक्यावर कर्ज असेल, तर रात्रीची गाडी धरावी लागते. मीही धरली. पण मुदत ठरवून धरा. 'एवढे फिटेपर्यंत' असे घरात बोला, आणि फिटले की सोडा.

नोकरी धरण्याआधी मालकाला पाच गोष्टी विचारा. गाडी किती वाजता निघते आणि परत किती वाजता येते? पगार महिन्यावर की खेपेवर? खोळंब्याचे पैसे मिळतात का? सुट्टी कधी, आणि त्या दिवशी गाडी कोण चालवतो? नुकसान झाले तर भरायचे कोणी? मालकाने सांगितले, तरी त्याच्या जुन्या ड्रायव्हरलाही विचारा. खरे तोच सांगेल.

कायदाही थोडा माहीत असावा. १९६१ साली मोटार कामगारांसाठी कायदा झाला. त्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि आठवड्यात एक दिवस विश्रांती असे ठरले. २०२० सालच्या नव्या संहितेतही दिवसाचे माप ८ तासांचेच आहे. जादा कामाला दुप्पट दर आहे.

आता शेवटची गोष्ट. मी जवळची गाडी धरली, तेव्हा एका कागदावर अंगठा उठवला. वाचता येत नव्हते. पुढे एके दिवशी गाडीची पुढची काच फुटली. मालकाने तोच कागद दाखवला. त्यावर लिहिले होते, 'नुकसान ड्रायव्हरच्या पगारातून कापावे.' सहा महिने पगार कापून घेतला. घरी रोज येत होतो, पण रिकाम्या हाताने. त्यानंतर माझ्या त्याच धाकट्या मुलीने मला बाराखडी शिकवली. रोज घरी होतो, म्हणून शिकता आले.

मालमोटारीच्या लायसनला पूर्वी आठवी पासची अट होती. २०१९ साली ती निघाली. वयाची २० वर्षे मात्र पुरी हवीत. अट निघाली म्हणून वाचायचे सोडू नका. पाटी वाचता आली तर गाडी वाचते. कागद वाचता आला तर पगार वाचतो.

वर्गाची वेळ झाली. आज घरी गेल्यावर ते पाच प्रश्न वहीत लिहून काढा. नोकरी बघायला जाल, तेव्हा वही खिशात असू द्या.

राम राम.