आजोळचे आडनाव

मास्तर निवृत्त झाले, की गावात त्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. पारावर, एस.टी.च्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत. "काय गुरुजी, आता वेळ कसा जातो?" गुरुजी हसतात. "जातो की! नातवंडं आहेत." विचारणाऱ्याला वाटते, बिचाऱ्यांना आता दुसरे काम उरले नाही. आज ज्या आजोबांविषयी मी तुमच्याशी बोलणार आहे, त्यांना दुसरी कामे पुष्कळ होती. वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांना एका विद्यापीठाने कुलगुरू म्हणून बोलावले होते. पण मला त्यांची आठवण होते ती आजोबा म्हणूनच.

हे आजोबा म्हणजे रँग्लर परांजपे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. केंब्रिज विद्यापीठात गणिताची 'ट्रायपॉस' नावाची मोठी अवघड परीक्षा असते. तिच्यात पहिल्या वर्गात येणाऱ्याला 'रँग्लर' म्हणत आणि त्यांत जो पहिला, तो 'सीनियर रँग्लर'. १८९९ साली हा मान पहिल्यांदा एका हिंदी माणसाला मिळाला. एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर तो विभागून मिळाला होता. पण पहिला तो पहिलाच. तेव्हापासून 'रँग्लर' हा शब्द त्यांच्या नावाला असा चिकटला, की पुष्कळांना ते त्यांचे पाळण्यातले नाव वाटे!

मूळचे ते खेड्यातले. दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावी १६ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. त्या काळच्या कोकणात हुशार मुलापुढे एकच वाट असे : गाव सोडायचे आणि कुणा नातलगाच्या आसऱ्याने शिकायचे. नाहीतर वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. रघुनाथाचे नशीब असे, की त्याला नात्यातला एक थोरला भाऊ पाठीराखा मिळाला. मुरूडचे धोंडो केशव कर्वे, पुढे सारा देश ज्यांना महर्षी म्हणू लागला ते. स्वतः बेताच्या मिळकतीत दिवस काढणाऱ्या अण्णांनी या धाकट्या भावाच्या शिक्षणाचा भार उचलला. त्यांची वेळीच साथ मिळाली नसती, तर हा मुलगा मुर्डीची पायवाट ओलांडून केंब्रिजला पोचला असता का, याची मला शंकाच आहे.

विलायतेहून परतल्यावर मोठ्या पगाराची सरकारी नोकरी त्यांना मिळू शकली असती. पण ते फर्ग्युसन कॉलेजात अल्प वेतनावर शिकवू लागले. १९०२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते तिथले प्रिन्सिपॉल झाले. आम्हा प्राध्यापकांना त्या वयात वर्गातल्या मागच्या बाकावरची गडबड आवरत नाही हो! पुढे १९२१ ते १९२३ या काळात ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते. श्रोत्यांमधल्या शिक्षक बंधुभगिनींनी हे साल जरा ध्यानात घ्यावे. १९२३ साली मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, प्राथमिक शाळांचा कारभार लोकनियुक्त मंडळांकडे द्यायचा आणि सक्तीचे शिक्षण टप्प्याटप्प्याने आणायचे, असा. जुनी मंडळी 'स्कूल बोर्डाची शाळा' म्हणत, त्या शब्दामागची गोष्ट ही अशी आहे. राजकारणात परांजपे नेमस्त पक्षाचे. त्यामुळे लोकांच्या टाळ्या त्यांच्या वाट्याला कमीच आल्या. ते असो.

मला सांगायचे आहे ते त्यांच्या घरातले.

त्यांची मुलगी शकुंतला पुण्यात हुजूरपागेच्या शाळेत जात होती. तिच्याबरोबर शिकणाऱ्या एका मुलीचे वडील ब्रह्मदेशात नोकरीला होते, आणि लेकीला त्यांनी सातव्या वर्षी इतक्या दूर पुण्याला शिकायला ठेवले होते. करमरकरांची इरावती. ही मुलगी परांजप्यांच्या घरी आली आणि त्या घरचीच एक होऊन वाढली. अशा कामाचे श्रेय आपल्याकडे घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावावर जमा होते. पण जास्तीचे ताट रोज मांडते कोण, वेणी घालते कोण, ताप आला तर उशाशी बसते कोण? या मुलीला मायेने जवळ केले ते शकुंतलेच्या आईने. घरात पुस्तके आणि वादविवाद यांची रेलचेल होती, ती मात्र रँग्लरांची देणगी. हीच मुलगी पुढे समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे म्हणून नावाजली, 'युगान्त' तिने लिहिले. आणि तिचे लग्न कुणाशी झाले ठाऊक आहे? अण्णासाहेब कर्व्यांच्या मुलाशी, दिनकररावांशी. ज्या अण्णांनी रघुनाथाला हात दिला, त्यांच्याच घरी रघुनाथरावांच्या घरात वाढलेली मुलगी सून होऊन गेली.

आता १९३८ साल. लखनौ विद्यापीठाचे कुलगुरुपद संपवून रँग्लर मोकळे झाले होते, वय बासष्ट. त्याच वर्षी मार्च महिन्यात त्यांना नात झाली. शकुंतलाबाईही केंब्रिजला जाऊन गणिताची ट्रायपॉस झालेल्या होत्या, जिनेव्हाला आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत त्यांनी काम केले होते. त्यांनी एका रशियन चित्रकाराशी विवाह केला होता. नात झाली, आणि थोड्याच काळात ते लग्न मोडले.

श्रोतेहो, त्या काळात लेक तान्हे मूल घेऊन माहेरी परत आली, की काय होत असे हे मी सांगायला नको. आळीतल्या बायका कुजबुजत, बाप मान खाली घालून चाले आणि ते मूल 'बिचारे' म्हणून वाढे. खायला मिळे, प्यायला मिळे. पण आपण कुणाच्या तरी उपकारावर आहोत हे त्याला रोज कळत राही. परांजप्यांच्या घरात ते झाले नाही. लेक ताठ मानेने आपली कामे करीत राहिली. संततिनियमनासारख्या, चारचौघांत बोलायलाही लोक लाजत अशा विषयाचा तिने प्रचार केला. आणि नातीने आडनाव लावले ते आजोळचे. सई परांजपे.

१९४४ साली रँग्लरांची ऑस्ट्रेलियात भारताचे हाय कमिशनर म्हणून नेमणूक झाली. तिथे हे पद भूषविणारे ते पहिलेच भारतीय. वय अडुसष्ट. एवढ्या वयाच्या माणसाने परदेशी निघताना सामान हलके ठेवावे, असे कुणीही सांगितले असते. यांच्याबरोबर लेक निघाली आणि सहा वर्षांची नातही. तीन वर्षे ही मुलगी कॅनबेरात होती. मराठी मात्र सुटले नाही. त्यामागे आईची शिस्त मोठी होती. आठव्या वर्षी तिच्या परीकथांचे पुस्तक छापून निघाले, 'मुलांचा मेवा'! चौथीच्या वर्गात निबंध तपासणाऱ्या शिक्षकांनी क्षणभर विचार करावा : आठ वर्षांच्या मुलाने लिहिलेली गोष्ट आपण शुद्धलेखनाच्या लाल खुणांपलीकडे जाऊन किती वेळा वाचतो?

या आजोबांचे आणखी एक वेगळेपण होते. आपल्याकडे आजोबा म्हटले, की तिन्हीसांजेचा परवचा, रामरक्षा, देवळात धरून नेलेले बोट, असे चित्र डोळ्यांपुढे येते. माझेही बालपण तसेच गेले, आणि ते मला गोडच वाटते. रँग्लर कट्टर बुद्धिवादी. बुद्धिवाद्यांच्या अखिल भारतीय संघटनेचे ते अध्यक्षच होते. देवाधर्माचे काही न करता नातवंडावर संस्कार होतात का, असे विचारणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्या नातीची पुढची वाटचाल पाहावी आणि ज्याचे त्याने ठरवावे.

१९५६ ते १९५९ ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. मग त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले आणि त्याला क्रिकेटच्या मैदानावरचे नाव दिले : 'चौऱ्याऐंशी, नाबाद'. ६ मे १९६६ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांची खेळी संपली.

तोवर नात अठ्ठावीस वर्षांची झाली होती. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ती निवेदिका होती, मुलांसाठी कार्यक्रम करीत होती. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे शिक्षणही तिने पुरे केले होते. चित्रपट हे पुढचे. तिच्या 'स्पर्श' या चित्रपटाचा नायक अंध मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक आहे. स्वतः अंध, मानी, कुणाची कीव न सोसणारा. आजोबांनी तो पाहिला नाही. पडद्यावर दिग्दर्शिकेचे नाव येते, सई परांजपे. मुर्डीच्या त्या घराण्याचे आडनाव.