खेळाचा तास मोकळा नसतो



आपल्या दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागेची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमधली ती खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधली ती गोडी छाटणी. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, घड ऑक्टोबरनंतर दिसतात, म्हणजे ते तेव्हाच लागले. बागाईतदाराला विचारलं तर तो वेगळं सांगेल. घड धरायचे की नाही, हे उन्हाळ्यातच ठरून गेलेलं असतं. खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत, काडीवरच्या डोळ्याच्या आत, कुणाच्या नजरेला न पडता ते ठरतं. त्या दिवसांत काडीला पुरेसा उजेड मिळाला नाही, तर पुढे कितीही खत-पाणी करा, वांझ फुटी निघतात.

मी नाशिक जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळेत गणित शिकवण्यात उमेदीची सगळी वर्षं घालवली. आज मला हायस्कुलातल्या अभ्यासाविषयी, मैदानाविषयी आणि कलेविषयी आपल्याशी बोलायचं आहे. ही बागेची गोष्ट आधी सांगितली, कारण मला शाळा समजली ती तिच्यामुळे.

याच दिंडोरी तालुक्यात खेडगावला जवाहर नवोदय विद्यालय आहे. केंद्र सरकारची, मुलामुलींची एकत्र निवासी शाळा, सहावी ते बारावी. 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक जिल्ह्यात अशी एक शाळा असावी असं ठरवलं. देशातल्या पहिल्या दोन शाळा हरियाणात झज्जरला आणि आपल्या महाराष्ट्रात अमरावतीला निघाल्या. आज त्या देशभर साडेसहाशेच्या आसपास आहेत. पाचवीतली मुलं प्रवेश परीक्षेला बसतात. मानसिक क्षमता, अंकगणित आणि भाषा असे ऐंशी प्रश्न दोन तासांत सोडवायचे असतात, आणि ते मराठीतून सोडवता येतात. एका वर्षी जास्तीत जास्त ऐंशी मुलं घेतात. त्यातल्या निदान 75 टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी असतात. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश हे सगळं सरकार करतं.

नवोदयचं नाव निघालं की लोक निकालाविषयी बोलतात. मला त्या शाळांच्या दिनक्रमाविषयी बोलावंसं वाटतं. तिथे मुलाचा दिवस पहाटे मैदानावर सुरू होतो. मग प्रार्थनासभा, मग तास. दुपारी मागे पडलेल्यांसाठी वेगळा अभ्यास, संध्याकाळी पुन्हा मैदान आणि रात्री शिक्षकांच्या देखरेखीखाली अभ्यास. म्हणजे एकाच दिवसात मूल दोनदा मैदानावर जातं, आणि त्यापायी अभ्यास बुडतो असं कुणी म्हणत नाही. मुलगे आणि मुली यांच्यासाठी दोन वेगळे क्रीडाशिक्षक असतात. चित्रकलेचे शिक्षक असतात, संगीताचे असतात, ग्रंथपाल असतात. अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशा चार सदनांत मुलं वाटलेली असतात आणि वर्षभर सदनासदनांत चुरस चालते. कबड्डी, धावणं, वक्तृत्व, समूहगीत, भित्तिपत्रिका अशा सगळ्यांचे गुण एकाच फळ्यावर लागतात. ज्याला धावता येत नाही तो सदनासाठी गातो. गाता येत नसेल, तर भित्तिपत्रिकेची चौकट रंगवतो. सदनाला सगळे लागतात.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. नववीत पोचल्यावर वर्गातली सुमारे 30 टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या राज्यातल्या नवोदय विद्यालयात जातात. आपल्याकडची मुलं हिंदी मुलखात जातात, तिकडची आपल्याकडे येतात. द्राक्षाच्या मांडवाखाली वाढलेलं चौदा वर्षांचं पोर अनोळखी भाषेच्या वसतिगृहात जाऊन पडतं. तिथे पहिल्या आठवड्यात त्याची ओळख कशाने होत असेल? बीजगणिताने नक्कीच नाही. ती होते चेंडूने, ढोलकीने. गोलंदाजी कळायला भाषा लागत नाही.

तर ही झाली खेडगावची शाळा. पण तिथे वर्षाला ऐंशीच मुलं जातात. जिल्ह्यातली बाकीची हजारो मुलं कुठे शिकतात? जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या, आश्रमशाळेच्या आणि अनुदानित हायस्कुलांच्या वर्गांत. अनुदानित शाळा संस्थेची असली, तरी तिच्या शिक्षकाचा पगार सरकारी तिजोरीतून होतो. म्हणून मी तिला आपल्या सर्वांची शाळा समजते. या शाळांनी काय दिलं आहे, ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको. आज रुंगटा हायस्कूल म्हणून ओळखली जाते ती शाळा एके काळी न्यू इंग्लिश स्कूल होती. विष्णू वामन शिरवाडकर नावाचा विद्यार्थी तिथे शिकला. पुढे तो कुसुमाग्रज झाला, त्याने मराठीला ज्ञानपीठ मिळवून दिलं, आणि त्याचा जन्मदिवस, 27 फेब्रुवारी, आज आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो.

दुसरं नाव त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याचं. कविता राऊत शाळकरी वयात अनवाणी धावायची. धावायला बूट नसले तरी चालतं, रॅकेट लागत नाही, फी लागत नाही. लागते ती मोकळी जमीन आणि 'धाव' म्हणणारं माणूस. पुढे नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी तिला घडवलं. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवलं. त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली. वर्तमानपत्रांनी तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हटलं.

आणि तिसरं नाव चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळचं. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या भागातला हा तरुण. नौकानयन काय असतं ते त्याला सैन्यात भरती झाल्यावर, 2012 नंतर कळलं. चार वर्षांत तो रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला. 2018च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक मिळवलं. दत्तूचं यश आठवलं की अभिमानाने ऊर भरून येतो, आणि लगेच काळजात एक कळही उठते. त्याच्या खांद्यातलं बळ विशीपर्यंत कुणाला दिसलं नव्हतं. सैन्यात गेला म्हणून दिसलं. जे कुठेच गेले नाहीत, त्यांच्यातलं कुणाला दिसलं असेल?

आता मी माझी चूक सांगते.

एका वर्षी दहावीचा वर्ग माझ्याकडे होता. दिवाळीनंतर अभ्यासक्रम मागे पडला होता. वेळापत्रकात आठवड्याला दोन तास शारीरिक शिक्षणाचे. तो श्रेणी विषय, त्याचे गुण टक्केवारीत धरत नाहीत. मी ते दोन्ही तास गणिताला मागून घेतले. कुणी हरकत घेतली नाही. पालकांनी उलट कौतुक केलं, बाई मुलांसाठी किती झटतात म्हणून. आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारी एक मुलगी होती. गणितात कच्ची, बोलणं कमी. पण खो-खोत सूर मारून गडी बाद करायची, तेव्हा अख्खं मैदान ओरडायचं. जानेवारीत तिची गैरहजेरी वाढली. मग ती यायचीच बंद झाली. मी घरी गेले. आईने चहा टाकला. मुलगी दाराशी उभी राहिली, बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, खेळाच्या तासालाच फक्त मला कुणी तरी हाक मारतं."

श्रोतेहो, मी तिला त्रिकोणाची प्रमेयं शिकवायला तास घेतला होता, आणि ज्या एका धाग्याने ती शाळेला बांधलेली होती तोच मी कापला होता. दुसऱ्या दिवशी मी ते तास परत केले. ती आली. दहावी तिची पहिल्या खेपेला झाली नाही, दुसऱ्या खेपेला झाली. पण ती शाळेत परत आली ती गणितासाठी आली नव्हती. मैदानासाठी आली आणि आल्यावर गणितालाही बसली. मैदानावर रोज पडून उठणारं मूल फळ्यासमोर चुकायला कमी घाबरतं, हे त्यानंतर मी कितीतरी मुलांत पाहिलं. नाटकात संवाद पाठ करणाऱ्या मुलाला इतिहासाचं उत्तर ओघात लिहिता येतं. चित्रकलेच्या तासाला दूरची झाडं लहान का काढायची हे ज्याला उमगलं, त्याला भूमितीतलं समरूपतेचं प्रकरण अर्धं कळलेलं असतं.

आणि हे आपल्या कायद्यालाही मान्य आहे. शिक्षणाचा हक्क देणाऱ्या 2009च्या कायद्यात शाळेला क्रीडांगण असावं, असं लिहिलेलं आहे. सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुलं असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, हेही त्यात आहे. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय अशी भिंतच नको, असं म्हटलं. 2015पासून नववी ते बारावीच्या मुलांसाठी देशपातळीवर 'कला उत्सव' होतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा आहेत. त्यातल्या श्रेणीबद्दल आणि खेळातल्या कामगिरीबद्दल दहावीला वाढीव गुणही मिळतात. गुण मिळावेत, मुलांचा तो हक्कच आहे. पण केवळ त्या गुणांसाठी मुलाच्या हातात ब्रश देऊ नका. प्रमाणपत्र मिळालं की ते मूल ब्रश खाली ठेवतं.

कागदावर इतकं सगळं असताना तास का जातात? कारण आपण त्यांना मोकळे तास म्हणतो. शिक्षक रजेवर असले, तर खेळाचा तास. पाहुणे येणार असले, तर चित्रकलेचा तास रद्द. ज्यांच्या घरात पैसा आहे ते मुलाला संध्याकाळी तबल्याला पाठवतात, पोहायला पाठवतात, नाशिकच्या कालिदास कलामंदिरात नाटक दाखवायला नेतात. ज्या घरात तो नाही, त्या घरच्या मुलाला हार्मोनियमचा पहिला सूर शाळेतच ऐकायला मिळतो, नाहीतर कधीच नाही. म्हणून सरकारी शाळेतला खेळाचा तास काढून घेणं म्हणजे गरिबाच्या ताटातलं काढून घेणं आहे. मी ते एकदा केलं आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

माझं मागणं मोठं नाही. मुख्याध्यापकांनो, दिवाळीनंतरही खेळाचे आणि कलेचे तास वेळापत्रकात असतात तसे राहू द्या. जादा तास घ्यायचे तर शाळेआधी घ्या. गावकऱ्यांनो, शाळेच्या मैदानावर ट्रॅक्टर लावू नका, मांडव टाकून खड्डे ठेवू नका, संध्याकाळी ते मुलांसाठी उघडं असू द्या. आणि आईबाबांनो, निकालाच्या दिवशी तुम्ही शाळेत येताच. तालुक्याच्या स्पर्धेला एकदा या. स्नेहसंमेलनात तुमची मुलगी समूहगीतात मागच्या रांगेत उभी असेल, तेव्हा पुढे येऊन बसा. तिची नजर गर्दीत तुम्हालाच शोधत असते.

आठवी-नववीचं वर्ष हे मुलाच्या आयुष्यातलं खरड छाटणीनंतरचं वर्ष असतं. त्या वेळी फांदीवर काहीच दिसत नाही, नुसती पानं असतात. म्हणून आपल्याला वाटतं, ही वेळ मोकळी आहे. पण आपला शेतकरी त्या दिवसांत मांडवाखाली फिरून दाटीची पानं विरळ करतो, काडीपर्यंत ऊन पोचतंय ना ते पाहतो. त्याला माहीत असतं, घड आत्ता धरले जात आहेत.

आपल्या शाळांतल्या प्रत्येक मुलापर्यंत तेवढं ऊन पोचावं, एवढीच इच्छा.