मॅट्रिकच्या मुलाचे जेवण

'मॅट्रिक' नावाची परीक्षा आपल्याकडे आता राहिलेली नाही. तरी गावातल्या पारावर एखादे म्हातारे माणूस अजून सांगते, "नातू यंदा मॅट्रिकला आहे." ऐकणाऱ्याला समजते की पोरगा दहावीला आहे. तो जुना शब्द काढला, की म्हाताऱ्याच्या आवाजात एक वजन येते. ते वजन कशाचे होते, ते आज आपण पाहू.

पूर्वीची शाळेची शिडी अशी होती. आधी चार इयत्ता मराठी, त्यानंतर इंग्रजी पहिली ते इंग्रजी सातवी. ही इंग्रजी सातवी म्हणजेच मॅट्रिकचा वर्ग. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्याच परीक्षेत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी. पुढे मुंबई प्रांतात १९४९ पासून विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या जागी शालान्त परीक्षा आली. तिला लोक एस्.एस्.सी. म्हणू लागले आणि वर्गाला अकरावी. १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, आणि अकरावीची मॅट्रिक इतिहासजमा झाली.

हा झाला परीक्षेचा इतिहास. तो पुस्तकात मिळतो. मला आज जरा वेगळे विचारायचे आहे. हा जो मॅट्रिकचा मुलगा होता, तो जेवत कुठे होता?

प्रश्न साधा वाटतो. पण त्या काळच्या शिक्षणाची सारी गोम त्यात आहे. हायस्कूल असे जिल्ह्याच्या गावी, नाही तर एखाद्या मोठ्या तालुक्याच्या ठिकाणी. खेड्यातल्या मुलाला मराठी शाळा संपली की घर सोडावे लागे. वय असेल बारा-तेरा. वाटही सोपी नसे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांची हकिकत पुष्कळांनी ऐकली असेल. दापोलीजवळच्या मुरुडहून मराठी सहावीच्या परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर भर पावसात, डोंगर-घाट चढून, पायी साताऱ्याला गेले. अंतर शंभर मैलांहून अधिक. आणि तिथे गेल्यावर काय, तर मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसू दिले नाही! कर्वे पुढे १८८१ साली मॅट्रिक झाले. पाय शाबूत असले की वाट सरते हो. पण शहरात पोचल्यावर रोजच्या दोन वेळांचे काय?

बापाची ऐपत असली तर मुलगा खानावळीत जेवे. बहुतेकांची ती नसे. शाळेची फी एक वेळ माफ होई. तिला 'नादारी' म्हणत. हुशार आणि गरीब मुलाला नादारी मिळे. पण नादारीने फी माफ होते, भूक काही माफ होत नाही.

म्हणून मग दोन वाटा निघाल्या. एक माधुकरीची आणि दुसरी वार लावण्याची. माधुकरी म्हणजे झोळी घेऊन ठरलेल्या घरी जायचे, दारात उभे राहायचे, आणि पडेल ते अन्न आणून खायचे. वार म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायचे. सोमवारी वकिलांकडे, मंगळवारी मामलेदार कचेरीतल्या कारकुनाकडे, बुधवारी एखाद्या विधवा काकूंकडे. एखादा वार लागला नाही, तर त्या दिवशी चुरमुरे नाही तर नुसते पाणी. असे शिकून न्यायाधीश झालेले, प्राध्यापक झालेले, संपादक झालेले लोक महाराष्ट्रात कितीतरी होऊन गेले.

या पद्धतीचे मोठेपण आहे, ते मान्य केले पाहिजे. ज्यांच्या घरी हा मुलगा जेवे, ते काही श्रीमंत नसत. स्वतःच्या पाच पोरांच्या पंक्तीत सहावे पान मांडायचे, इतकेच. पावती नाही, वर्गणी नाही, वर्तमानपत्रात नाव नाही. एका गावच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या गावच्या सात चुली मिळून शिकवीत होत्या. बदल्यात मुलगा विहिरीचे पाणी भरी, देवाची पूजा करी, घरातल्या लहान मुलांचे पाढे घेई.

पण श्रोतेहो, याच पद्धतीच्या दोन उण्या बाजू आहेत, आणि त्याही तितक्याच खऱ्या आहेत.

पहिली अशी, की रोज दुसऱ्याच्या दारात उभे राहणे सोपे नसते. कुणी प्रेमाने वाढी, कुणी कपाळाला आठी घालून वाढी. आणखी एक पोळी हवी असताना 'पुरे' म्हणून उठायचे, हे त्या वयात शिकावे लागे. वाराने शिकलेली म्हातारी माणसे अन्नाचे शीत पानात टाकीत नसत. त्यांच्या त्या सवयीत ते दिवस साठलेले होते.

दुसरी बाजू अधिक मोठी आहे. ही दारे सर्वांना उघडी नव्हती. माधुकरी आणि वार ब्राह्मण मुलाला मिळत. कुणब्याच्या, माळ्याच्या, धनगराच्या मुलाला कोण वार देणार? आणि अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नव्हता. पंक्तीचे नाव कशाला? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा मुंबईत त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली आणि केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. एका मुलाच्या मॅट्रिकसाठी सभा भरते, यावरूनच तसे मुलगे किती थोडे होते ते ध्यानात यावे. मुलींचेही तेच. पुण्याला १८८४ साली मुलींचे हायस्कूल निघाले, ते हुजूरपागा. पण परगावची मुलगी काही झोळी घेऊन फिरणार नव्हती. वसतिगृह नसेल तर मुलीची मॅट्रिक नाही, असा सरळ हिशेब होता.

म्हणजे पाहा, मुलाच्या डोक्यात काय आहे यापेक्षा त्याच्या पानात कोण वाढते, यावर शिक्षण ठरत होते.

ही गोष्ट ज्यांनी नेमकी ओळखली, त्यांत राजर्षी शाहू महाराज पहिले. १९०१ साली त्यांच्या आश्रयाने कोल्हापुरात मराठा मुलांसाठी वसतिगृह निघाले, आणि पाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांची वसतिगृहे उभी राहिली. कोल्हापूरला 'बोर्डिंग' हा शब्द खेड्यापाड्यांतल्या आयाबायांच्या तोंडी बसला, तो तेव्हापासून.

पुढचे पाऊल कर्मवीर भाऊराव पाटील यांनी टाकले. रयत शिक्षण संस्था १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी निघाली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले आणि सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला बसवली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. धान्य संपले आणि पोरे उपाशी राहायची वेळ आली, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही त्या पोरांच्या जेवणासाठी दिले. १९४० साली साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र मुलांना मिळाला. आणि हे सारे उभे करणारा माणूस स्वतः मॅट्रिक झालेला नव्हता! त्यांना पुणे विद्यापीठाने १९५९ साली सन्मानाने डॉक्टर ऑफ लिटरेचर ही पदवी दिली.

वारात आणि बोर्डिंगात फरक कोणता? वारात मुलगा दाराशी जाई. बोर्डिंगात गाव मुलापर्यंत येई. शेतकरी सुगीला धान्य देई, घराघरांतून मूठमूठ दाणा गोळा होई. आणि मुलगा जमीन खणून, पाणी शेंदून, भाकऱ्या थापून ते जेवण फेडी. खालच्या मानेने खाल्लेली भाकरी आणि कष्ट करून खाल्लेली भाकरी, दोन्हींनी पोट भरते. पण दुसरीने मुलाचा कणा ताठ राहतो.

आता त्या वर्षातला मुलगा कसा राहत होता, तेही थोडे सांगतो. एका खोलीत चार-पाच जण राहत. शनिवारी दुपारी शाळा सुटली की गावाकडे चालत निघायचे आणि रविवारी संध्याकाळी आठवड्याच्या भाकऱ्या, चटणी, कांदा अशी शिदोरी बांधून परत यायचे. बुधवारपर्यंत भाकरी कडक होई; मग ती पाण्यात भिजवून खायची. संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसायची, आणि एका कंदिलाभोवती चार डोकी वाचायला बसायची. रॉकेल पुरवून वापरायचे म्हणून पहाटेचा अभ्यास उजाडल्यावर अंगणात. पुस्तके वरच्या वर्गातल्या मुलाकडून निम्म्या किमतीत घ्यायची आणि वर्ष संपले की खालच्याला विकायची. इंग्रजीसाठी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकायची. झोप येऊ नये म्हणून शेंडी खुंटीला बांधल्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. त्यातल्या काही खऱ्याही असतील.

मॅट्रिकचा मुलगा खोलीत किंवा बोर्डिंगात सर्वांत वडील. लहान मुलांचा अभ्यास त्याने घ्यायचा, तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी त्याने बसायचे. म्हणून त्या वयात त्याला जे मोठेपण येई, ते पुस्तकातून आलेले नसे. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात नंबर छापून येत. ज्याच्या हाती अंक असे, त्याच्याभोवती गराडा पडे. नंबर सापडला तर पेढे. नाही सापडला तर मुलगा गुपचूप मागच्या वाटेने घरी. नापास होणारे पुष्कळ असत. पुन्हा बसायचे तर आणखी एक वर्ष, म्हणजे आणखी एका वर्षाचे वार!

आता तुम्ही म्हणाल, हे झाले जुने. आता गावोगाव शाळा आहेत, मग ही कथा कशाला?

सांगतो. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर एस्.टी.ची पहिली गाडी धावली आणि पुढच्या काळात खेडी शाळांशी जोडली गेली. तालुक्याला शिकणाऱ्या मुलाचा डबा गावाहून एस्.टी.ने जाऊ लागला. आई पहाटे उठून भाकरी करते, फडक्यात डबा बांधते, आणि वाहक तो तालुक्याच्या स्थानकावर उतरवतो. मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एस्.टी.चा पास मोफत आहे. १९९५ साली शाळेतल्या दुपारच्या जेवणाची योजना देशात सुरू झाली, आणि आज पहिली ते आठवीच्या मुलांना ते मिळते. या सगळ्या चांगल्याच गोष्टी आहेत.

पण नीट ऐका. आठवीपर्यंत. नववीत पाऊल टाकले की शाळेतले ते ताट थांबते. म्हणजे ज्या वयात भूक सर्वांत मोठी आणि अभ्यासही सर्वांत मोठा, नेमके त्याच वयात आपण हात सोडतो. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचे पाहा. बीडकडची आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या मुलखात जातात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. दहावीची परीक्षा येते नेमकी त्याच्या आत. घरी मुलगी आणि म्हातारी आजी. कधी आजीही नसते. शेजारणीने आणून दिले तर जेवण, नाही तर स्वतः चूल पेटवायची आणि धाकट्या भावालाही घालायचे. पुष्कळदा मग अभ्यासच सुटतो, आणि पुस्तकांच्या जागी हातात कोयता येतो. हा आजचा मॅट्रिकचा विद्यार्थी. त्याचा वार कोणी लावायचा?

शिक्षक बंधुभगिनींनो, दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, की दहावीच्या वर्गातली कोणती मुले आईबापांवाचून राहतात, याची यादी करा. ही यादी फळ्यावर लावायची नाही, स्वतःच्या खिशात ठेवायची. ग्रामस्थहो, तुमच्याकडे ती यादी आली, तर एका मुलाचे जेवण वाटून घ्यायला चार घरे पुरतात. शाळेची एक खोली किंवा ग्रामपंचायतीची एक खोली रात्री दहापर्यंत दिव्यासह उघडी ठेवा. तिथे गावातला एक जाणता माणूस आळीपाळीने बसू द्या, म्हणजे मुलीही निर्धास्तपणे येतील. आणि दोन गोष्टी जुन्या अनुभवावरून शिका. मुलाला दाराशी मागायला लावू नका. डबा त्याच्याकडे पोचवा. आणि डबा देताना जात विचारू नका.

माधुकरीच्या काळी सात घरांनी एक मुलगा शिकवला. बोर्डिंगच्या काळी गावांनी मिळून शेकडो शिकवले. आज आपल्या गावात दहावीला किती मुले एकटी आहेत? बहुतेक गावांत ती बोटांवर मोजता येतील. तेवढी तरी मोजून घेऊ, आणि उद्या सकाळच्या भाकऱ्या थापताना एक जास्त थापू.